तिसऱ्या तोंडाचा आलेख

२ मार्च, सोमवार
लिमलेटच्या गोळ्यांच्या कारखान्यात क्वालिटीचा प्रमुख झालो. विभागात मी एकटाच, त्यामुळे मतभेद नाहीत.
पुढच्या गुरुवारी मोठा ग्राहक तपासणीला येणार. त्याला सीपीके हवा १.३३. सीपीके म्हणजे मशीन शंभर ग्रॅमचं पाकीट किती इमानाने भरतं, त्याचे मार्क. कमी पडले तर ऑर्डर जाईल, सेकंड शिफ्ट बंद. त्या शिफ्टला मशीनवर माझा धाकटा मेहुणा आहे. चहा देताना बायकोने आठवण करून दिली. दोनदा.
संकल्प: सीपीके २.००!

३ मार्च
सीपीके ०.६०. एक पाकीट ब्याऐंशी ग्रॅम, शेजारचं एकशे सतरा. सरासरी जवळजवळ शंभर, पण सरासरीचं कौतुक कुणाला? काट्याला पंख्याचा वारा लागत असावा. पंखा बंद केला. ०.५८. घाम आला.

५ मार्च
सापडलं! गोळ्या मशीनच्या आठ तोंडांतून पडतात. त्यातलं तिसरं तोंड अत्यंत सज्जन. नमुने फक्त तिथलेच घेतले. शितावरून भाताची परीक्षा. सीपीके २.४०. आलेख रंगीत छापला. साहेबांनी पाठ थोपटली.

६ मार्च
मेहुणा केबिनमध्ये आला. म्हणाला, दाजी, सातव्या तोंडाची झडप ढिली झालीय, नुसती आपटते. मशीन दोन दिवस थांबवायला सांगा, साहेब तुमचं ऐकतील. मी आलेख दाखवला. त्याने तो उलटसुलट करून बघितला. मग म्हणाला, हे आमचंच मशीन आहे का? मी मनात म्हटलं, नाचता येईना, अंगण वाकडं.
संध्याकाळी साहेबांनी सेकंड शिफ्टने पाठवलेली दुरुस्तीची मागणी रद्द केली. कारण, माझा आलेख. मी एक गोळी तोंडात टाकली.

९ मार्च
झडपेची धाडधाड आता केबिनपर्यंत ऐकू येते. खिडकी लावून घेतली. मी दिसलो की मशीनवरचे लोक बोलायचे थांबतात. आदर असा हळूहळूच मिळतो.
बायकोने विचारलं, त्याची नोकरी टिकेल ना? म्हटलं, सगळं माझ्या हातात आहे.

११ मार्च, दुपारी
आवाज बंद. मशीन आपोआप सुधारलं!

११ मार्च, नंतर
मेहुणा सांगून गेला की झडप तुटून पडली. म्हटलं, उद्या ग्राहक येतोय, अभद्र बोलू नकोस. आता दुरुस्ती काढली तर आलेखाचं काय सांगायचं?

१२ मार्च
ग्राहकाचा माणूस हसत नाही. आलेख बघून मान हलवली. मी चहा मागवला. तो चहा न घेता तडक गोदामात गेला आणि हाताला लागतील ती खोकी फोडली. ही काय रीत झाली! सीपीके ०.३०. एका पाकिटात नुसती हवा.

१३ मार्च
ऑर्डर तूर्त वाचली. ग्राहकाने एक संधी दिलीय. दोष शोधून दूर करा म्हणाला. साहेबांनी बोलावलं. मी पंख्याच्या वाऱ्याचं कारण पाठ करून गेलो होतो, पण ते मला एक शब्द लागट बोलले नाहीत. म्हणाले, मशीन चोख आहे हे तुम्हीच सिद्ध केलंय. मग दोष चालवणाऱ्याचा. उद्या तुमच्या मेहुण्याला काढतोय, क्वालिटीची हरकत?
तिसऱ्या तोंडाचं सांगायला हवं होतं. भीती वाटली. हरकत नाही म्हणालो.
घरी आलो तर मेहुणा आलेला. साहेबांनी उद्या भेटायला बोलावलंय, दुरुस्तीचंच असणार, म्हणाला. दाजी, शेवटी तुम्हीच शब्द टाकलात ना? बायकोचे डोळे भरून आले. तिने मला आधी वाढलं.
मी जेवलो.