चकलीच्या साच्यावर चालणारं पोकलेन

पेडणे,
मंगळवार, १६ डिसेंबर २०२५

ती. दादास पद्माचा सा. न. वि. वि.

रविवार, १४ डिसेंबर रोजी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी तू माझ्या घरात चोरी केलीस. अकरा पस्तीसला मी चकलीचा पितळी साचा पुसून फळीवर ठेवला आणि लिंबं काढायला परसात गेले. अकरा पंचेचाळीसला परत आले तेव्हा तू पुढच्या बालकांवात, पायरीवर बसून चपला घालत होतास आणि बस चुकेल म्हणत होतास. पस्तीस आणि पंचेचाळीसच्या मधले चाळीस. बांगड्याचं हुमण शिजत असताना तू न जेवता निघालास, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. समोरच्या यशोदेने तर पाहिलं की तुझी पिशवी एका बाजूला कलली होती. तिला वाटलं, बहिणीने नारळ दिले.

हे फोनवर सांगितलं असतं. पण चाळीस वर्षं खाणीवर पोकलेन चालवून तुझे कान गेले आहेत. म्हणजे माझ्यापुरते गेले आहेत. चहा झाला हे तुला दोन खोल्यांपलीकडून ऐकू येतं. म्हणून पत्र. मी पोस्टात अडतीस वर्षं काढली आहेत, तेव्हा पत्र मिळालंच नाही ही सबब माझ्यापुढे चालायची नाही.

आणखी एक गोष्ट. साच्याच्या ताटल्या तू डब्यात तशाच ठेवून गेलास. चकलीची, शेवेची, सगळ्या. ज्याला चकली पाडायची नाही त्याने आईचा साचा न्यावा कशाला? मला तो २३ तारखेला हवा आहे. नाताळाला माझी शाळासोबतीण एस्पेरांसा हिला मी दरवर्षी चकल्या देते आणि ती मला नारळ-गुळाचं दोदोल देते. तीस वर्षांत खंड पडलेला नाही.

तुझ्या शब्दावर विसंबायची सोय नाही, हे मी एप्रिल १९७९ पासून जाणते. तुझा डबा घेऊन खाणीवर आले होते. सात नंबरच्या पोकलेनवर बसवून एक बकेट भरायला देईन, असं तू घरी सांगितलं होतंस. मुकादम म्हणाला, बायकांनी मशीनवर चढायचं नाही. तू मान खाली घातलीस आणि वाटेत मला म्हणालास, पुढच्या खेपेला. मी एकवीस वर्षांची होते. आता सदुसष्टची आहे. खाणी बंद पडल्या, सात नंबर भंगारात गेलं, पुढची खेप काही आली नाही.

२२ तारखेच्या आत लेखी उत्तर यावं. जानकीवहिनीला नमस्कार, ती यात सामील नसावी अशी आशा आहे. लोभ आहेच. तो वाढवायचा की कसं, हे साचा आल्यावर ठरवीन.

तुझी बहीण,
पद्मावती


मये,
शुक्रवार, १९ डिसेंबर २०२५

चि. पद्मास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावलं. पोदेर पावाचे उंडे घेऊन आला त्याच वेळी पोस्टमन आला, त्यामुळे उंडे थंड होईपर्यंत तुझ्या शिव्या वाचल्या. साचा मीच आणला. मागितला असता तर तू दिला नसतास, आणि कशाला हवा हे चार वेळा विचारलं असतंस.

तर सांगतो. मी पोकलेन बनवतो आहे. शोकेसमध्ये ठेवायचं खेळणं नव्हे. माती उकरणारं, उचलणारं, वळून टिप्परमध्ये ओतणारं. मूळ मशीनच्या आठव्या हिश्श्याचं. जुन्या कपाटाच्या पत्र्याची बॉडी केली. खालच्या चेनला मोटरसायकलच्या चेनी जोडून घेतल्या. सुपारीवर औषध मारायच्या जुन्या पंपाच्या नळ्या कापून सिलिंडर केले, आणि तेल इकडून तिकडे सोडायला गॅसच्या शेगडीचे कॉक बसवले. एवढं झाल्यावर अडलं ते पंपापाशी. तेल दाबून पुढे ढकलायला जाड पितळेचा गोल डबा हवा, आत घट्ट बसणारा दट्ट्या हवा आणि वर आट्यांचं हँडल. मी डिचोलीचा भंगारबाजार पालथा घातला. मग एके दिवशी चकली खाताना डोक्यात आलं.

साच्याला मी भोक पाडलेलं नाही. ताटलीच्या जागी रबर लावून नवी ताटली बसवली आहे, तिलाच नळ्या जोडल्या. मशीनचं काळं तेल तुझ्या साच्यात घालायची माझी छाती झाली नाही. उद्या त्यातून चकली पडायची आहे, म्हणून घाण्यावरचं शुद्ध खोबरेल घातलं. काल भर दुपारी चालवून पाहिलं. जानकी हँडल फिरवते, मी लिव्हर ओढतो, आणि बूम, म्हणजे मशीनचा तो लांब हात, अशी उठते की तुला काय सांगू. जानकी म्हणते, संसारात एवढी वर्षं बिनपगारी इंजिन होते, आता नाव तरी मिळालं.

११ जानेवारीला आम्हा जुन्या खाणवाल्यांचा मेळावा देवळाच्या पटांगणात आहे. तिथे एकदा चालवून दाखवतो आणि साचा धुऊन परत करतो. तोवर दम धर. १९७९ चं मी विसरलेलो नाही. त्याबद्दल आज काही लिहीत नाही.

राग पाण्यात सोडावा आणि माया मात्र काठावर जपून ठेवावी, हा आशीर्वाद.

तुझा,
कृष्णनाथदादा


पेडणे,
शनिवार, २७ डिसेंबर २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

मी साच्याशिवाय हाताने वळून चकल्या केल्या. त्या गांडुळांसारख्या झाल्या. एस्पेरांसाने डबा उघडला, थोडा वेळ पाहिला आणि मला विचारलं की तब्येत बरी आहे ना. शाळेत सिस्टर माझ्या डाव्या हातावर पट्टी मारून मला उजव्या हाताने लिहायला लावायच्या, तेव्हाही ही बाई पहिल्या बाकावरून माझ्याकडे अशाच दयेने पाहायची. अक्षर उजव्या हाताचं झालं, बाकी हात डावाच राहिला. आणि डाव्या हाताने वळलेल्या चकल्यांची तिने कीव केली. हे तुझ्या खात्यावर.

आता मशीनबद्दल. मला त्यात काडीचाही रस नाही. तरीपण विचारून ठेवते. केबिन डाव्या बाजूला घेतलंस ना? सात नंबरच्या केबिनला पुढच्या काचेवर वरच्या कोपऱ्यात तडा होता आणि तू त्यावर चिकटपट्टी लावली होतीस. बकेटला दात पाच होते. चार लावले असशील तर बदल. मुकादमाने हाकलेपर्यंत मी खाली उभी राहून मोजले होते.

१२ जानेवारीला साचा घेऊन तू स्वतः यावंस. जेवायला थांबलास तर हरकत नाही. प्रेम आहे तेवढंच आहे, उगीच फुगवून लिहीत नाही.

पद्मावती


मये,
सोमवार, १२ जानेवारी २०२६

सौभाग्याने मिळालेल्या माझ्या नणंदेस, पद्मावन्सं यांस, जानकीचा स. न. वि. वि.

हे पत्र मी तुमच्या दादांना न सांगता लिहिते आहे. ते साचा घेऊन येणार होते, आले नाहीत. तुम्ही वाट पाहिली असेल.

काल मेळाव्यात फजिती झाली. सकाळी साडेआठला पटांगणात मशीन मांडलं. चांगलंच गार होतं, सगळे कानटोप्या घालून आले होते. यांनी लिव्हर ओढला, मी हँडल फिरवलं, ते जागचं हलेना. मी सगळा जोर लावला तेव्हा एक नळी सुटली, आणि बूम होती तिथेच. सिंधुदुर्गातले यांचे जुने सोबती रघुनाथ म्हणाले की कृष्णनाथाने अगदी हुबेहूब केलं आहे, खाणीसारखंच बंद. सगळे हसले. हेही हसले. पण घरी येऊन जेवले नाहीत. आता म्हणतात, नळ्या काढतो, साचा धुतो, परत देऊन टाकतो. मशीन माळ्यावर टाकायचं म्हणतात.

एक गोष्ट तुम्हाला कळायला हवी. रघुनाथांनी मशीन नीट पाहून विचारलं होतं की लिव्हर उलटे का बसवले, बकेटचा लिव्हर तर उजव्या हाताला असतो. यांनी सांगितलं, चालवणारी डावखुरी आहे. मला त्या वेळी तुमची आठवण झाली आणि घरी येऊन मी विचारलं. तेव्हा म्हणाले की मेळावा निमित्ताचा होता, तिथे चाललं की दुसऱ्या रविवारी पद्माला बोलावणार होतो; आता कुठल्या तोंडाने बोलावू, दुसऱ्यांदा तिला मशीनसमोर नेऊन परत पाठवायचं काय?

बकेटला दात आधी चारच होते. तुमचं पत्र आल्यावर पाचवा लावला.

तुम्हीच काही तरी लिहा. तुमचं ओरडणं त्यांना मानवतं. माया जशी आहे तशी राहू द्या.

तुमची,
जानकी


पेडणे,
बुधवार, १४ जानेवारी २०२६, संक्रांत

ती. दादास सा. न. वि. वि.

तिळगूळ सोबत आहे. गोड बोलायचं की नाही ते पत्र संपल्यावर पाहू.

अरे शहाण्या, जानेवारीत खोबरेल? आमच्या शाळेतल्या प्रत्येक मुलीला ठाऊक होतं की या दिवसांत तेलाची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय केसांना तेल लागत नाही. तुला तिसाव्या वर्षी टक्कल पडलं, तेव्हापासून खोबरेलाशी तुझा संबंध फक्त आमटीत आला. वहिनी बाटली चुलीशेजारी ठेवते, म्हणून तिच्या घरात ते कधी थिजत नाही. डिसेंबरच्या भर दुपारी चाललं, पटांगणात साडेआठला कसं चालेल? तुझ्या साच्यात त्या वेळी तेल नव्हतं, मेणबत्ती होती. वहिनीने तिथे देव जरी हँडल फिरवायला बसवला असता तरी ती मेणबत्ती नळीतून गेली नसती.

साचा धुऊ नकोस. नळ्या काढू नकोस. सगळं अंगणात उन्हात ठेव, खोबरेल पातळ झालं की ओतून घे आणि तिळाचं तेल भर. ते थिजत नाही, आणि साच्यालाही चालतं. चकलीच्या पिठात आपण तीळच घालतो. सुटलेली नळी तारेने आवळ.

मी रविवारी, १८ तारखेला, बरोबर अकरा चाळीसला तुझ्या अंगणात असेन. वेळ मुद्दाम निवडली आहे. रघुनाथांनाही बोलाव. त्यांना सांग की खाण चालू होते आहे.

माळ्यावर काहीही गेलेलं दिसलं तर मी चहाही न घेता परत फिरेन. प्रेम तिळाएवढं पाठवते आहे, पुरवून वापर.

पद्मावती

ता. क. काचेवर चिकटपट्टी लावली का, हे तू अजून कळवलेलं नाहीस.


पेडणे,
मंगळवार, २० जानेवारी २०२६

ती. दादास सा. न. वि. वि.

रविवार, १८ जानेवारी रोजी दुपारी बारा वाजून पंचवीस मिनिटांनी तू माझ्यावर दुसरा अन्याय केलास. आठवी बकेट भरून मी वर उचलली होती, टिप्परकडे वळवत होते, आणि तू माझ्या डाव्या हातावर हात ठेवून म्हणालास की बाय, जेवण थंड होतं आहे. चालत्या मशीनवर ऑपरेटरच्या हाताला हात लावायचा नाही, हे तूच मला १९७९ मध्ये सांगितलं होतंस. आमच्या सिस्टरांनंतर माझा डावा हात अडवणारा तू पहिला.

त्याआधीच्या पंचेचाळीस मिनिटांबद्दल मात्र माझी तक्रार नाही. पहिल्या बकेटला मी बूमऐवजी पुढच्या आर्मचा लिव्हर ओढला आणि सगळी लाल माती रघुनाथांच्या चपलांवर ओतली. त्यांनी ती झाडली नाही. म्हणाले, खाणीवरची माती अंगावर पडून सात वर्षं झाली होती. तो माणूस मला वाटला होता त्यापेक्षा बरा आहे. दुसऱ्या बकेटपासून हात बसला. तिसरीला मला कळलं की बकेट आत वळवायची आणि बूम उचलायची ती एकाच दमात, नाही तर अर्धी माती सांडते. हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. कदाचित सांगून कळत नसावं. वहिनीचा दम लागला तेव्हा ती म्हणाली की इंजिनाला चहा लागतो, आणि आपण सगळे थांबलो. तुला आठवतं का, तू तेव्हा केबिनकडे पाहत होतास आणि मी तुझ्याकडे. चिकटपट्टी अगदी त्याच कोपऱ्यात आहे. मी पेला खाली ठेवला आणि पुन्हा लिव्हर धरला.

मुकादम आज असता तर मी त्याला सातव्या बकेटच्या वेळी बोलावलं असतं. कणभर माती सांडली नाही.

आता कामाचं. वहिनीने निघताना साचा फडक्यात बांधून माझ्या पिशवीत घातला होता. तो मी तुमच्या जनेलात, गजांच्या आत, तसाच ठेवून आले. एव्हाना सापडला असेल. मी पेडण्याच्या बाजारातून चकलीसाठी नवा साचा घेतला आहे. तो हलका आहे आणि चकली बरी पाडतो. काल एस्पेरांसाला डबा दिला; तिने माझ्या तब्येतीची चौकशी केली नाही. ती पुढच्या वेळी मयेला येणार म्हणते. मी सांगितलं आहे की तिने फक्त बघायचं.

तरी माझ्या मागण्या अशा. आईचा साचा मला परत करणार नाही, असं तू लेखी द्यावंस. मशीन माळ्यावर, शोकेसमध्ये किंवा कुणाच्या प्रदर्शनात जाणार नाही, हेही द्यावंस. लिव्हर आहेत तसे डावेच राहतील. तुला चालवायचं असेल तर तू शीक. आणि रविवार, १ फेब्रुवारी रोजी मी आल्यावर जेवण दीड वाजता वाढलं जाईल, त्याआधी नाही.

उत्तर शुक्रवार, ३० जानेवारी, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडावं. फोन चालणार नाही. तुमच्या सगळ्यांवरचा लोभ या वेळी मी न मोजता पाठवते आहे, तेव्हा उशीर करू नकोस. आठवी बकेट अजून हवेत आहे.

तुझी बहीण,
पद्मावती
ऑपरेटर, सात नंबर