टिकली लावलेला कन्सोल

आत्या,

तू ऑफिसात चालवायचीस तो मेनफ्रेम कॉम्प्युटर अजून चालू आहे. तुझ्या वेळी त्यावर दोन सिस्टीम होत्या, आता तीन आहेत. मी अजून तिथेच ऑपरेटर आहे.

एकाच मशीनवर दोन सिस्टीम कशा चालतात, हे तू मला पेणकरपाड्याच्या घरी स्वयंपाकघरात शिकवलंस. पाढेही तिथेच शिकले, तुझ्या ऑफिसातून आलेल्या पाठकोऱ्या कागदांवर. "हा ओटा बघ," तू म्हणालीस. "सकाळी तुझी आई, संध्याकाळी मी. दोघींना वाटतं, ओटा आपलाच." आई फोडणी टाकता टाकता म्हणाली, "वाटतं काय, वन्सं? माझाच आहे." तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला.

नव्वद साल असेल. मी तुझ्या हाताखाली नुकती लागलेय. दोन कन्सोल शेजारी शेजारी, अगदी सारखे. एकावर गोदामांच्या रोजच्या कामाची सिस्टीम, दुसऱ्यावर चाचणीची. चाचणीची आपण रोज संध्याकाळी बंद करायचो. चूक होऊ नये म्हणून रोजच्या कामाच्या कन्सोलवर तू एक लाल टिकली लावली होतीस. त्या दुपारी मी दोन्ही पडदे पुसतेय, कडासुद्धा, कारण मला धूळ बघवत नाही. टिकली निघून फडक्याला चिकटते. मी ती परत लावते, दुसऱ्या कन्सोलवर.

संध्याकाळी तू टिकली नसलेली सिस्टीम बंद केलीस. गोदामांचं काम मध्येच थांबलं, ट्रक उभे राहिले. साहेबांनी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "पडद्याच्या कोपऱ्यात सिस्टीमचं नाव असतं. ते मी वाचलं नाही. चूक माझी." मी शेजारीच उभी होते. टिकली मी कुठे लावली होती, ते मला तेव्हाच कळलं होतं. तुझ्या फाइलला मेमो लागला, तुला स्टेशनरी विभागात बसवलं. घरी येताना तू म्हणालीस, "तू नको रडूस. तुझं काय गेलंय?" मी रडत नव्हते.

दीड वर्षाने तू गेलीस. त्यालाही आता सात वर्षं झाली. हे कुणाला पाठवायचं नाही म्हणून लिहितेय, की टिकली मी हलवली होती. तुला ते माहीत होतं का, हे मला कधीच कळलं नाही.

तुझ्या फाइलमध्ये खरं काय ते साहेबच लिहू शकतात, आणि ते या महिन्यात निवृत्त होतायत. काल त्यांच्या केबिनपाशी गेले. वाक्यं पाठ केली होती. "बोल गं," ते म्हणाले, "दारात काय उभी राहिलीस?"

मी म्हटलं, "सर, शुक्रवारी अर्धा दिवस सुट्टी हवी होती."

त्यांनी लगेच दिली. मला सुट्टीची काही गरज नव्हती. अर्जावर कारण लिहायला जागा होती. तिथे मी 'घरगुती' लिहिलं.