गेटवर राहिलेली पिशवी

रविवार, संध्याकाळ. वाशी.

माझा जुना दोस्त धर्मा जासईहून आला आणि गेटवरनंच परत गेला. मी घरातच होतो! सोसायटीत कोणी आलं की वॉचमन मोबाइलवर विचारतो, आणि नंबर दिलाय माझ्या मुलाचा. नितीनने न बघताच 'नको' दाबलं. धर्मा सुकटीची पिशवी गेटवर ठेवून गेला; वॉचमनने ती वर आणून दिली तेव्हा मला कळलं. मला फोनही केला नाही, इतका ओशाळला असेल?

नितीन हसला. "बाबा, तुमच्याकडे कोण येणार? मला वाटलं सेल्समन."

पोरगा वाईट नाही. पण इतकं सहज बोलला...

वास येतो म्हणून सुनेने पिशवी बाल्कनीत ठेवली. मग तिच्या मैत्रिणी आल्या. "बाबा, तुम्हीपण जरा बाल्कनीत बसता का?"

बसलोय. पिशवीशेजारी.