पखवाजावरची कणीक

तात्या,

तुम्हाला जाऊन इतका काळ लोटला की लोणी भापकरच्या देवळात आता तुमचा नातू पूजा करतो, आणि मी इकडे अंथुर्ण्याला कॅनॉलकाठी म्हातारा होऊन बसलो आहे. शाळा तिसरीपर्यंतच झाली, त्यामुळे अक्षर अजून तसंच आहे, ओळ वर चढत जाते. पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाळलेली कणीक कशी काढायची, एवढंच विचारायचं होतं. पण आधीचं सांगितल्याशिवाय ते तुम्हाला कळायचं नाही.

मी लहानपणी कसा होतो ते तुम्हाला आठवत असेल. गाय रानातून यायला उशीर झाला की मला रडू फुटायचं. शाळेत पाढे म्हणायला उभं केलं की सात सक्काला घसा बंद व्हायचा. आई मला हाताला धरून तुमच्याकडे घेऊन आली. "तात्या, ह्याचं कायतरी करा. दिसभर ह्याच्या जिवाला घोर, आन् ह्याच्या पायी माझ्या." तुम्ही देवळाचे गुरव, आरतीच्या आधी पायरीवर बसून कणीक मळत होता. मळलेला गोळा पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापला की आवाज पोटातून निघतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला फक्त गहू दिसला. आमच्याकडे गहू सणाला. तुमच्याकडेही सणालाच, कारण आतून काकू ओरडल्या होत्या, "माझ्या लेकरांस्नी बाजरी, आन् त्या लाकडाला रोज गव्हाची कणीक! त्यालाच जेवाय वाढा, त्याच्याच पाया पडा!" तुम्ही हसून म्हणालात, "अगं, ते खातं म्हणून आपल्याला मिळतं." मी आईच्या मागे लपलो होतो, पण तेवढ्यात हसलो, ते मला आठवतं.

तुम्ही मला पखवाजाला हात लावू दिला नाही. मांडीवर ताल धरायला लावला, आणि तोंडाने बोल. धा दिं ता. मी घाई करायचो. कशाची घाई ते मलाही कळायचं नाही, पुढचं चुकेल म्हणून आधीच तिथे पोहोचायचो. तुम्ही माझा हात धरून म्हणायचात, "पळू नगंस. मागं कुत्रं लागलंय व्हय?" मग पुन्हा पहिल्यापासून. हळूहळू हात थांबायला शिकला आणि हाताबरोबर मीही. भजनात टाळकरी काय करतात ते ऐकल्याशिवाय आपला हात टाकायचा नाही, हे तुम्ही वाजवण्यासाठी शिकवलं असेल. मला ते माणसांत बसायला उपयोगी पडलं. पाढे तालावर म्हटले तर घसा बंद होत नाही, हे मी माझं मीच शोधून काढलं. पुढे आई गेली. सुतकात वाद्य बंद. मी देवळाच्या बाहेर बसलो होतो, तुम्ही येऊन माझ्या शेजारी बसलात आणि स्वतःच्या मांडीवर बोट मारलंत. "वाद्याला सुतक आस्तं, पोरा. मांडीला नस्तं." दिवेलागणीपर्यंत आपण दोघं तसेच बसलो होतो.

पखवाज मी मुलाला शिकवला. तो माझ्यासारखा भित्रा नव्हता. इकडे साखरेचा कारखाना उभा राहिला, तिथे कामाला लागला, पण भजन चुकवायचा नाही. तुमचा नेम घरात पाळला जायचा : वाजवणं झालं की कणीक लगेच खरवडायची आणि गाईला घालायची. राहिली तर वाळते, कातडं ओढून धरते आणि एक दिवस ते फाटतं. गेल्या साली एकदाच तो भजनावरून आला आणि म्हणाला, "आबा, अंगात कणकण हाय. कणीक सकाळी काढतो." पखवाज खुंटीला लावला. त्या तापातून तो उठला नाही.

मला रडू आलं नाही, अजूनही आलेलं नाही. माणसं भेटायला येतात, मी पानाचं तबक पुढे करतो, पाण्याची पाळी कधी आहे ते विचारतो. त्याचं पोर मात्र बोलायचं थांबलं. पाटीवर रेघा ओढत बसायचं. मास्तर म्हणाले, "आबा, मुलगा येतो, बसतो, पण तोंड उघडत नाही. असाच राहिला तर पटावर नाव ठेवून काय करू?" जळोचीहून त्याचा मामा आला. "माझ्यासंगं धाडा. गुऱ्हाळावर चिपाडं वेचंल. तितं बोलाय लागत न्हाय." सून म्हणाली, "मामंजी, तुमी म्हणाल तसं." मी म्हणालो, वरीस सरू दे. मला दुसरं काही सुचलं नाही.

सालभर घरात वाद्य वाजवायचं नाही. मग मी नातवाला ओट्यावर शेजारी बसवलं आणि मांडीवर ताल धरला. तो बघायचा नाही. काही दिवसांनी त्याचं बोट हलायला लागलं. मग ओठ हलायला लागले, आवाज नाही. माझे हात आता कापतात आणि म्हातारपणी घाई परत आली आहे. एका संध्याकाळी माझा ठेका सुटला, मी पुढे गेलो, आणि शेजारून आवाज आला, "आबा, पळू नगा." हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. त्याच्या बापाला सांगायचो. आत सुनेच्या हातातलं भांडं पडलं. मी तसाच वाजवत राहिलो, थांबलो तर तोही थांबेल म्हणून.

आता तो शाळेत पाढे म्हणतो. मास्तर तक्रार करतात, "म्हणताना मांडी बडवतो, त्याचं बघून सगळा वर्ग बडवतो!" पण नाव राहिलं आहे. पोरांत खेळतो, हरला तर भांडतो. मामा न्यायला आला तेव्हा हाच त्याला म्हणाला, "म्या न्हाय येत. माझी शाळा हाय." मामा सुनेला म्हणाला, "आगं, हे तर तुझ्यावानी तोंडाळ निघालं!"

वर्षश्राद्ध झालं. तेव्हापासून पोर पखवाजाखाली उभं राहतं. "आबा, वरीस सरलं. काढा की आता." परवा ते शाळेत गेल्यावर मी पखवाजावरची कापडी गवसणी सोडली. कणीक दगडासारखी झाली आहे, कडेने कातडं ओढलं गेलं आहे. तिच्यावर मुलाची बोटं उमटली आहेत. अंगठ्याचा खळगा तर इतका स्पष्ट की त्यात माझा अंगठा बसतो. मी गवसणी परत बांधली.

ओलं फडकं ठेवून भिजू दिली तर निघेल, हे मला ठाऊक आहे, तात्या. तुम्हीच शिकवलं होतं. त्यासाठी पत्र लिहायला नको होतं, आणि हे कुठे टाकायचंही नाही. काल पोराने पुन्हा विचारलं. मी म्हणालो, घरात गव्हाचं पीठ नाही, नवी कणीक कशाची मळायची?  संध्याकाळी ते ओट्यावर येऊन बसलं, पण मांडीवर हात ठेवला नाही.

गव्हाच्या पिठाचा डबा भरलेला आहे.