जहाजाच्या तळातले दगड

प्रिय ताई,

झाली एकदाची दगडांची अंघोळ! आता भावोजींना म्हणू नकोस, हिला दगडांशिवाय दुसरं काही सुचत नाही.

जुनी शिडाची जहाजं रिकामी असली की हलकी होऊन कलंडायची, म्हणून तळाशी दगड भरत. बुडालेल्या जहाजातले तेच दगड पाणबुड्यांनी वर काढले आणि संग्रहालयाच्या मागच्या शेडमध्ये माझ्या गळ्यात मारले. मुरलेलं मीठ निघेपर्यंत ते गोड्या पाण्यात ठेवायचे आणि पाणी बदलत राहायचं. त्या पाण्यात औषधाचा थेंब टाकला आणि ते दुधाळ झालं, की समजायचं मीठ बाकी आहे. काल थेंब टाकला, तर पाणी नितळच राहिलं. साहेबांनी पाठ थोपटली. मला मात्र घरी जावंसंच वाटेना.

मध्यंतरी एक फजिती झाली. त्यातला सगळ्यांत देखणा दगड मी मऊ ब्रशनं घासला, त्याला क्रमांक दिला, फोटो काढले. पाणबुड्यांच्या मुकादमानं पाहिलं आणि सांगितलं, की हा तर त्यांच्याच होडीचा, नांगराला वजन म्हणून बांधलेला. दोर तुटून पडला होता. शेडमध्ये सगळ्यांची हसून मुरकुंडी वळली. मीही हसले. घरी आले ती तुला सांगायला थेट स्वयंपाकघरात गेले, आणि ओट्यापाशी उभी राहून रडले.

पंचावन्नाव्या वर्षी तू लग्न केलंस, तेव्हा सगळ्यांना पेढे वाटल्यासारखी मी सांगत फिरले. मनातून मात्र रुसले होते तुझ्यावर. आई-बाबांमागे आपण दोघीच. तू वाढणार, मी भांडी घासणार, असंच म्हातारपण जाईल हे मी धरूनच चालले होते. आता एकटीसाठी स्वयंपाकाचा कंटाळा येतो. उभ्या उभ्याच काहीतरी खाते.

तू दर फोनला राहायला बोलावतेस आणि मी म्हणते, दगड सोडून कशी येऊ? मेहुणीबाईंना आमच्यापेक्षा दगड बरे, असं भावोजी म्हणाले तेव्हा नाकाला मिरच्या झोंबल्या. पण खोटं काय बोलले ते?

उद्या दगड दालनात मांडायला नेतील. साहेबांनी मला महिनाभर सुट्टी दिली आहे. फोनवर बोलायला गेलं की दगडांचंच सांगत बसते, म्हणून लिहिते आहे. ताई, अजून एकदा बोलाव ना. लगेच निघेन. आल्या आल्या भांडले तर भांडू दे. किती दिवसांत कुणाशी भांडलेच नाही मी.

तुझीच,
धाकटी