कारल्यातला गूळ

प्रज्ञाचे बाबा,

मी ताईकडे अकोटले चालली, संध्याकाळच्या एसटीनं येईन. भाकरी दुरडीत आहेत, कारल्याची भाजी कढईत.

काल मी डॉक्टरसमोर म्हटलं, हे चोरून गोड खातात, म्हणून शुगर दोनशे ऐंशी आली. तुमी मान खाली घालून ऐकून घेतलं. आज कारलं फोडणीले टाकलं अन् सवयीनं हात गुळाच्या डब्यात गेला. तिथंच थांबली. तुमी कारलं खावं म्हणून रोज एवढा मोठा खडा मीच टाकत होती. तुमाले चवीनं कळतच असंल. मग काहून बोलले नाही?

आजची भाजी बिनगुळाची आहे, कडू लागंल. मी पण डब्यात तेच नेलं. डॉक्टरले फोनवर खरं सांगतलं. तुमाले समोर बसून सांगणं जमलं नाही.

— पुष्पलता