सगळे परत येईपर्यंत

सोमवार
माझं आयुष्य बदललं ते आज सकाळी, तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडलं तेव्हा. आत ती होती. हातात फायलींचा ढीग, सर्वांत वरची हनुवटीने दाबून धरलेली. मी वाट अडवून उभा. खांब आहेस की माणूस, तिने विचारलं, माणूस असशील तर बाजूला हो. झालो बाजूला. मन मात्र अजून तिथेच उभं आहे.

बाकी, नोकरीही झकास. कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून बाबा बोलत नाहीत, पण मामाने शब्द टाकला आणि काम झालं. या इमारतीची दारं, दिवे, लिफ्ट सगळं एक प्रोग्रॅम चालवतो आणि तो प्रोग्रॅम मी सांभाळायचा. माणसाने दारावर कार्ड टेकवलं की त्याच्यासाठी प्रोग्रॅममध्ये एक थ्रेड सुरू होतो. थ्रेड म्हणजे त्याच्यापुरता नेमलेला कामकरी. माणूस जाईल तिथला दिवा लावायचा, दार उघडायचं. तो घरी गेला की यानेही परत यायचं. कोण कुठे आहे हे सगळे थ्रेड मेमरीतल्या एकाच सामाईक फळ्यावर लिहितात. लिफ्टवाले काका मला पहिल्याच दिवशी नवरदेव म्हणायला लागलेत. म्हणोत.

मंगळवार
पाचच्या ठोक्याला साहेबांनी प्रोग्रॅम बंद करून दाखवला. एक बटण, खेळ खलास. कधी मिनिटाचा उशीर नाही, असा तोरा. मला राहवलं नाही. म्हटलं, आधी थ्रेडना थांबा म्हणून सांगायचं, सगळे परत येईपर्यंत वाट बघायची, मग फळा पुसायचा. तुम्ही आधीच पुसता. कोणी अजून लिहीत असेल तर त्याने काय करायचं? साहेब म्हणाले, कॉलेज पुरं केलेल्यांनी कधी विचारलं नाही, तू कोण लागून गेलास?

बटण दाबलं तेव्हा काका तिसऱ्या मजल्यावर होते.

बुधवार
काकांनी लिफ्टच्या बटणाकडे बोट नेलं आणि ते तसंच हवेत ठेवलं. बराच वेळ. मजला बोटाला पाठ होता, म्हणाले, आज बोट काही सांगत नाही. मला नवरदेव म्हणाले नाहीत. संध्याकाळी मुलगा न्यायला आला, तर त्यालाच विचारलं, कोणाकडे आलात?

प्रोग्रॅम बंद होता, मेन स्विचसुद्धा. मी अंगणातून वर पाहिलं. मावळतीच्या उजेडात तिसऱ्या मजल्याचे दिवे एकामागून एक लागत गेले. कोणी सावकाश चालावं तसे.

गुरुवार
साहेबांना ठाऊक आहे. वेळेत न निघणाऱ्यांचं थोडं काही आत राहतं, म्हणाले, ऑफिसचं काही अडत नाही. वाट बघणारा कोड घातलास तर घरी बसवीन. बसवा म्हटलं.

तिला सांगितलं. हसली आधी. मग म्हणाली, उद्या मला फायली लावायला पाच वाजतील, मला आत ठेवून बंद करू नकोस हं. मी शब्द दिला.

शुक्रवार
कोड तयार होता. पाचला थोडा वेळ असताना साहेब म्हणाले, तुझा मामा फाटकाशी थांबलाय. गेलो. फाटकाशी कुणी नाही. तसाच पळत आलो, कार्ड टेकवलं, एक पाय आत, आणि दिवे गेले.

ती जिन्याने खाली आली. हाक मारली तर थांबली. हात रिकामे. हनुवटी मात्र दाबून धरलेली. कशावरच नाही.

शनिवार
तिच्या घरी गेलो. म्हणाली, खांब आहेस की— आणि पुढे काहीच नाही. तिची आई रडत होती.

माझंही काहीतरी— आईने ताट वाढलं. घास हातात, तोंड उघडं. पुढे काय करायचं ते आठवेना.

घाबरलोय. पण साहेबाला सोडत नाही.

सोमवार
साहेब बाहेर, मी प्रोग्रॅमच्या खोलीत, दाराला कडी. दार ठोकतोय. ठोक.

फळा पुसायची ओळ उडवली. माझा कोड चालू. सगळ्या थ्रेडना थांबा म्हटलं— एकेक परत आला. काकांचाही. खिडकीतून दिसलं, काकांचं हवेतलं बोट खाली आलं. सोबत आलेल्या मुलाला लाडक्या नावाने हाक मारली त्यांनी.

म्हणजे जमतं. म्हणजे तीही—

तिचा येत नाही. फळ्यावर दिसतोय, लिफ्टमध्येच आहे, तळमजल्यावर. दार उघडं. दारात दुसरा एक थ्रेड वाट अडवून उभा. ती निघाल्याशिवाय हलणार नाही म्हणतो. आणि तो हलल्याशिवाय तिला निघता येत नाही.

त्याचं कार्ड पाहिलं.

माझं.

शुक्रवारचा तो एक पाय—

मामाचा फोन. म्हणतो माफी माग, नोकरी वाचव. नाही मागत.

बंद करायचं बटण उपटून खिशात टाकलंय. कोडमध्ये वाट बघायला मुदत घातलेली नाही. सगळे परत येईपर्यंत हा प्रोग्रॅम बंद होणार नाही. आणि मला बाजूला करायला मलाच जावं लागेल.

ठोकणं थांबलंय. साहेब पळाला असावा. लिफ्टपर्यंतचे दिवे लागलेत—

वही बरोबर घेतो. कडी काढली. बाहेर आलो. दार मागे ओढून घेतलं, घट्ट. समोर लिफ्ट, दार उघडं, आणि आतून तिचा आवाज, खांब आहेस की—